वहिनींचा अभ्यास पूर्ण झाला

आमच्या वहिनी शेवटच्या खेपेला निवडून आल्या, तेव्हा त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या उमेदवारानेही मत त्यांनाच दिलं होतं. हे मला त्यानेच सांगितलं, अभिनंदनाला घरी आला तेव्हा. "उभा राहिलो तो पक्षाने गळ घातली म्हणून," चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "पण आमच्या गल्लीतल्या दिव्यांचं काम अर्धवट राहिलंय. मी निवडून आलो असतो तर ते कुणी केलं असतं?"

मी त्याला आणखी एक बिस्कीट दिलं. 

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पहिल्या निवडणुकीत मी दारोदार फिरून "आमच्या वहिनींना मत द्या" असं सांगत होतो. लोकांनी त्यातलं 'आमच्या' फारच मनावर घेतलं. तेव्हापासून त्या अख्ख्या मतदारसंघाच्या वहिनी आहेत. त्यांच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थही त्यांना वहिनीच म्हणतात. माझ्या भावाला, म्हणजे दादाला, लोक 'वहिनींचे मिस्टर' म्हणून ओळखतात. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. तो मुळातच कमी बोलणारा, आणि घरातलं एक माणूस दिवसभर सभागृहात बोलून येत असेल तर दुसऱ्याने बोलू नये असं त्याचं मत असावं. असावं म्हणतो, कारण ते त्याने कधी बोलून दाखवलेलं नाही. मी वहिनींचं कार्यालय सांभाळतो आणि त्यांची भाषणं लिहितो.

लोकप्रतिनिधीची स्तुती करण्याआधी माणसाने इकडेतिकडे बघून घ्यावं अशी पद्धत आहे. मी बघून घेतलं आहे. वहिनींसारखी कामाची बाई मी दुसरी पाहिली नाही. सकाळी घरातल्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायच्या, समोर लोक, हातात फोन. कुठल्या खात्यात कोण बसतो, तो कुणाला भितो, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला सकाळी अकराच्या आत फोन केला की पित्त खवळतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. रस्ता खचला, वहिनींचा फोन गेला. शाळेचं छप्पर गळायला लागलं, वहिनींचा फोन गेला. 'वहिनी फोन करतात' हे आमच्याकडे पूर्ण वाक्य होतं; त्यात अडचण, उपाय आणि आभार तिन्ही येऊन जायचे.

सभागृहात त्या सगळ्यांत ज्येष्ठ. तिथे एक जुनी चाल होती, ती आता सांगायला हवी.

दर वर्षी एक सदस्य एक विधेयक मांडायचे: कुणीही सदस्य दोन मुदतींपेक्षा जास्त काळ सभागृहात बसू नये. त्यांना आम्ही 'मर्यादावाले' म्हणायचो. गृहस्थ तळमळीचे. मुदतींच्या मर्यादेचा कायदा आणीन, असं वचन देऊन ते चार वेळा निवडून आले होते. विधेयक मांडलं की सगळे पक्ष पाठिंबा द्यायचे. सगळे म्हणजे अगदी सगळे. भाषणं अशी व्हायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं आजच सामान बांधून घरी निघाली. मग विधेयक एकमताने ज्येष्ठ सदस्यांच्या समितीकडे अभ्यासासाठी जायचं. समितीच्या अध्यक्ष वहिनी, आणि बैठकीला येणाऱ्याही त्याच एकट्या. अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी त्या उभ्या राहून म्हणायच्या, "समितीचा अभ्यास सुरू आहे." सगळे बाकं वाजवायचे, आणि घरी जायचे. आपलं भाषण मात्र प्रत्येकजण छापून मतदारसंघात वाटायचा.

आता, जो कायदा होणारच नाही तो कडक करायला कुणाच्या बापाचं काय जातं? आधी विधेयकात तीन मुदती होत्या. एकाने म्हटलं, तीन कशाला, दोन करा. दुसऱ्याला वाटलं आपण मागे पडलो. त्याने सुचवलं, आजवर झालेल्या मुदतीही मोजा. तिसरा म्हणाला, मधे एक निवडणूक सोडून परत यायची पळवाटही बंद करा. प्रत्येक दुरुस्ती टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. होता होता विधेयक असं झालं की ते चुकून मंजूर झालं असतं तर सभागृहात अध्यक्षांची खुर्ची पुसणारा आणि काही नवे सदस्य एवढेच उरले असते. पण ते चुकून मंजूर होणार कसं? समितीत वहिनी होत्या.

मग वहिनींचा गुडघा गेला.

शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. डॉक्टर मात्र कडक. "फोन बंद," ते म्हणाले. "मी सांध्यात धातू बसवलाय, तुमच्या डोक्यात आणखी काही बसवायचं नाहीये मला." दादाने फोन उचलला, बंद केला आणि दुकानात नेऊन काउंटरच्या कप्प्यात ठेवला. लग्नानंतर त्याने वहिनींचं इतकं उघड काही काढून घेतल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

रुग्णालयातली खोली दोघींची होती. मधे पडदा. पलीकडच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका, कंबरेचं हाड मोडून आलेल्या. परिचारिका त्यांना 'हेडबाई' म्हणायच्या, आणि त्या परिचारिकांना "सावकाश चाला, धावू नका" म्हणायच्या.

काही दिवसांनी टेकडीवरच्या वस्तीतली चार-पाच माणसं फळं घेऊन भेटायला आली. जरा वेळ गुडघ्याबद्दल हळहळ झाली. मग त्यांच्यातला एकजण, तिकडचा लाँड्रीवाला, घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, पाणी नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही इथे आल्यापासून."

"अहो, मग जलविभागात गेलात का?"

"तिथे कशाला?" लाँड्रीवाल्याला खरंच आश्चर्य वाटलं. "त्या साहेबांना आम्ही कुठे ओळखतो?"

"ते साहेब इतकी वर्षं इथेच आहेत!"

"आहेत ना. पण मधे तुम्ही होतात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी तडक जलविभागात गेलो. साहेब टेबलामागे बसले होते. पंपाचा नवा सुटा भाग त्यांच्या टेबलावरच होता. कागद उडू नयेत म्हणून तो त्यांनी कागदांवर ठेवला होता.

"हा बसवला का नाही?" मी विचारलं.

"वहिनींचा फोन आला नाही."

"अहो, पंप बंद आहे हे तुम्हाला दिसतंय की!"

"दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. "पण दोन पंप बंद आहेत आणि भाग एकच आलाय. आधी टेकडीवरचा की बाजारातला, हे वहिनी ठरवतात. मागे मी एकदा आपल्या मनाने बसवला होता. वहिनी म्हणाल्या, मला का नाही विचारलंत? तेव्हापासून मी विचारतो."

माणूस खोटं बोलत नव्हता. तो फोन मी ऐकला होता.

परत येऊन मी सगळं वहिनींना सांगितलं.  पडद्यापलीकडून आवाज आला, "आमच्याकडेही गेलं होतं हो पाणी, गेल्या महिन्यात."

हेडबाई नदीपलीकडच्या. त्यांचा मतदारसंघ वेगळा.

"मग काय केलंत?" वहिनींनी विचारलं.

"काय करणार? आमचा सदस्य नवा आहे. अगदी कोरा. पहिल्या दिवशी सभागृहात प्रेक्षकांच्या दारातून शिरला आणि दुपारपर्यंत गॅलरीतच बसून होता म्हणे. त्याच्याकडून काही व्हायचं नाही. म्हणून आम्हीच गेलो जलविभागात. मी, माझी शेजारीण, खालचा सलूनवाला, अशी वीसेक माणसं. बसलो साहेबासमोर. संध्याकाळी पाणी."

"आणि तुमचा तो सदस्य?"

"तोही होता की आमच्या मागे रांगेत. पाणी त्यालाही नव्हतं."

मला हसू आलं. वहिनींना आलं नाही.

"पुढच्या वेळी पाडाल त्याला," त्या म्हणाल्या.

"कशाला? शिकतोय बिचारा. आता त्याला जलविभाग कुठे आहे ते कळलंय. नाही शिकला तर दुसरा कुणी शिकेल. आमच्या सलूनवाल्याच्या डोक्यात घोळायला लागलंय, उभं राहावं म्हणून. तुमच्याकडे कोण आहे?"

वहिनींनी पांघरूण सारखं केलं. "आहेत एक बाई."

"बऱ्या आहेत?"

"लोक म्हणतात बऱ्या आहेत."

"बरीच वर्षं आहेत?"

"बरीच."

"अगंबाई," हेडबाई कळवळून म्हणाल्या, "मग त्या गेल्यावर तुमचं कसं होणार हो?"

हेडबाईंना खरंच काही माहीत नव्हतं, की सगळं माहीत असून त्या विचारत होत्या, हे मला आजवर कळलेलं नाही. आयुष्यभर त्यांनी मुलांना उत्तरं ठाऊक असलेलेच प्रश्न विचारले होते.

घरी आल्यावर वहिनींनी पहिलं काम काय केलं असेल, तर फोन परत मागितला नाही. दुसरं, मला मर्यादावाल्यांचं विधेयक आणायला सांगितलं. दोन दुपारी त्या ते पाय स्टुलावर ठेवून वाचत बसल्या. तिसऱ्या दुपारी म्हणाल्या, "भाऊजी, या अधिवेशनाचं माझं शेवटच्या दिवसाचं वाक्य बदलायचंय."

"सुरू आहे ऐवजी काय म्हणायचं? जोरात सुरू आहे?"

"पूर्ण झाला आहे."

मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून हसायचं थांबलो.  विधेयक समितीतून बाहेर पडलं तर वहिनींची ही मुदत शेवटची. आणि सभागृहातल्या वहिनी सोडून दुसऱ्या कुठल्या वहिनी असतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही नव्हतं.

"वहिनी, जरा ऐका," मी म्हणालो. "हा कायदा वाईट माणसांना हाकलायला आहे. त्यात तुम्ही कशाला उडी घेता?"

"वाईट माणसाला कायदा कशाला हवा? त्याला लोक पाडतात. माझ्याकडे बघा. मला कोण पाडणार? समोरचा उमेदवारच मला मत देतो आणि वर येऊन सांगतो. कायदा हवा तो माझ्यासारखीला."

"अहो, पण अनुभव म्हणून काही असतो की नाही? सगळी नवी पोरं आली तर अधिकारी त्यांना नाचवतील."

"आत्ता काय होतंय? जलविभागाचा साहेब मला घाबरतो असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. तो घाबरत नाही, भाऊजी. तो माझी वाट बघतो. डोकं माझं, हात त्याचे. स्वतःचं डोकं त्याने केव्हाच घरी ठेवलंय. आणि ते ठेवायला मीच सांगितलं." त्यांनी पाय जरा सरळ केला. "अनुभव म्हणजे तरी काय हो माझा? कुणाला फोन करायचा ते मला माहीत आहे. एवढंच. ते बाकीच्यांना माहीत नाही म्हणून तो अनुभव. हेडबाईंच्या सलूनवाल्याला कळलं, त्या दिवशी तो अनुभव राहिला नाही, ती नुसती माहिती झाली."

"लोकांना तुम्हीच हव्या असाल तर? लोकांचा हक्क नाही का तो?"

हा माझा हुकमाचा पत्ता होता. वहिनींनी विधेयक मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, जिंकलो.

"आहे ना हक्क," त्या म्हणाल्या. "पण मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्यासमोर सहाजण होते. सहा, भाऊजी! एक तर छत्र्या दुरुस्त करायचा. कसली भाषणं करायचा तो! नंतर चारजण झाले. मग दोन. आता पक्ष हात जोडून एकाला उभा करतो. बाकीची माणसं काय मेली? आहेत. पण उभं राहायचं असतं हेच विसरलीत. निवडायला कुणी ठेवलंच नाही मी, तर लोक निवडतात तरी काय?"

मी दादाकडे वळलो. तो कोपऱ्यात कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होता. "दादा, तू सांग की काही."

दादाने चष्मा उजेडाला धरला. "तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. मग काच पुसत, "मला आवडणार नाही. पण बरोबर आहे."

"तुम्हाला का नाही आवडणार?" वहिनींनी विचारलं.

"दिवसभर घरी असशील तू," दादा म्हणाला. वहिनींनी त्याच्यावर वर्तमानपत्र फेकलं. ते मला लागलं.

अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी सभागृहात नेहमीचं वातावरण होतं. अर्धे लोक घड्याळाकडे बघत होते, काहींनी पिशव्या आधीच टेबलावर आणून ठेवल्या होत्या. मी वरच्या गॅलरीत बसलो होतो. वहिनी काठीच्या आधाराने उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहताच बाकं वाजायला लागली. वाक्य पाठ होतं सगळ्यांना, ऐकायची गरज नव्हती.

वहिनी थांबल्या. बाकं वाजायची थांबली.

"समितीचा अभ्यास," वहिनी म्हणाल्या, "पूर्ण झाला आहे. विधेयक जसं सभागृहाने एकमताने पाठवलं तसंच, एक शब्दही न बदलता, समिती परत करत आहे."

अशी शांतता मी फक्त परीक्षेत प्रश्नपत्रिका वाटल्यावर ऐकली आहे. मग कुणीतरी चुकून एकदा बाक वाजवलं आणि हात मागे घेतला.

सगळ्यांत आधी उभे राहिले मर्यादावाले. चेहरा पांढराफटक. "अध्यक्षमहोदय, माझी नम्र विनंती आहे की इतक्या गंभीर विषयाचा... म्हणजे घाई न करता... आणखी अभ्यास..."

"विधेयक तुमचंच आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझंच आहे. म्हणूनच मला त्याची काळजी आहे."

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं की सभागृहाने एकमताने पाठवलेलं विधेयक समितीने जसंच्या तसं परत केलं तर पुन्हा चर्चा नाही. लगेच मतदान, तेही एकेकाने उभं राहून, ज्येष्ठतेच्या क्रमाने. हा नियम कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुस्तक वहिनींनीच सुधारलं होतं, त्या वेळी बाकीच्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. दोघेतिघे उपाहारगृहाकडे निघाले, पण मतदानाच्या वेळी दारं बंद करायची हाही नियम त्याच पानावर होता.

वर पत्रकार आपापल्या खिशातून गेल्या निवडणुकीची पत्रकं काढत होते. प्रत्येक सदस्याचं भाषण त्यांच्याकडे छापील होतं, फोटोसकट.

"पहिलं आसन," सचिवाने पुकारलं.

वहिनी उभ्याच होत्या. "होय."

त्यांचा आवाज मी लिहिलेल्या कितीतरी भाषणांत ऐकला आहे. इतका छोटा आणि इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता. खाली बसताना काठी टेकायला चुकली आणि त्या जरा अडखळल्या. शेजारच्या सदस्याने हात दिला नाही. तो त्या क्षणी दुसऱ्या पक्षात असल्यासारखा बसला होता.

"दुसरं आसन."

दुसरं आसन विरोधी बाकावरचे वयोवृद्ध गृहस्थ. त्यांना सगळे 'खांब' म्हणत, कारण ते नसतील तर सभागृह कोसळेल असं ते स्वतः म्हणत. वहिनींशी त्यांचं हाडवैर. एकमेकांच्या एकूण एक प्रस्तावाला दोघांनी विरोध केला होता. एकदा तर वहिनींनी त्यांच्याच जुन्या प्रस्तावाची नक्कल मांडली तर त्यालाही खांबांनी विरोध केला होता. ते नाही म्हणाले की बाकीचे त्यांच्याआड लपायला मोकळे. सगळं सभागृह त्यांच्याकडे अशा मायेने बघत होतं, जसं त्यांच्याकडे आजवर कुणी बघितलं नसेल.

खांब सावकाश उठले. समोर वहिनींकडे टक लावून पाहत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "हे तुम्ही खरंच करताय?"

"करतेय."

"सदस्यांनी आपसात बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

"आम्ही दोघं आपसात बोलत नाही, अध्यक्षमहोदय, हे उभ्या सभागृहाला ठाऊक आहे." खांबांनी कोट सारखा केला. "मी उभं आयुष्य या बाईला विरोध केला. त्या चुकल्या तेव्हा केला आणि बरोबर होत्या तेव्हाही केला. त्या गेल्यावर मी इथे बसून कुणाशी भांडू? या पोरांशी? यांना धड रागावताही येत नाही." ते थांबले. "आणि मी गेलो नाही, तर लोक म्हणतील ती बाई गेली आणि हा चिकटून बसला. ते मला मेल्यावरही सहन होणार नाही. होय."

त्यानंतर घडलं ते अर्धं लाजेने आणि अर्धं पत्रकांच्या भीतीने घडलं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तिसरं आसन होय म्हणालं. चौथ्याने आधी पाणी प्यायलं, वर पत्रकारांकडे पाहिलं आणि होय म्हटलं. काहीजण सरळ नाही म्हणाले. त्यांचं मला कौतुक वाटलं, निदान ते आपल्या मनाचं बोलले. मर्यादावाल्यांची पाळी आली तेव्हा ते इतका वेळ उभे राहिले की सचिवाने पुन्हा आसन पुकारलं. स्वतःच्या विधेयकाला त्यांनी दिलेलं 'होय' मला ओठांच्या हालचालीवरून कळलं. सर्वांत मागच्या रांगेतले नवे सदस्य मात्र मोठ्याने ओरडले. त्यांचं काय जात होतं? त्यांच्यात नदीपलीकडचा तो कोराही होता. या खेपेला तो बरोबर दारातून आला होता.

विधेयक मंजूर झालं. बाकं कुणी वाजवली नाहीत.

बाहेरच्या लांब मार्गिकेत लोक वहिनींना वळसा घालून चालत होते. कालपर्यंत त्यांच्यासाठी दार धरून उभे राहणारे आज खिडकीतून बाग बघत होते. एकाने जाता जाता हळूच म्हटलं, "आमच्या संसारात माती कालवलीत, वहिनी." वहिनी म्हणाल्या, "तुमचं भाषण सगळ्यांत चांगलं झालं होतं हो. तेच तर वाचत होते मी परवा." तो झपाझप चालू लागला. जिन्यापाशी खांब उभे होते. दोघं एकमेकांशी एक अक्षर न बोलता, एकेक पायरी करत, कठड्याला धरून खाली उतरली. मी मागे होतो. मला पुढे होऊन हात द्यावासा वाटला, पण तिथे माझं काही काम नव्हतं.

पुढची निवडणूक आली तेव्हा आमच्या मतदारसंघातून पाचजण उभे राहिले. त्यातले दोघे एकाच दुपारी वहिनींचा सल्ला घ्यायला आले, अर्थात एकमेकांना न सांगता. एक छापखानेवाला, आणि एक गुरांची डॉक्टर, ऐन तिशीतली. वहिनींनी दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. छापखानेवाला म्हणाला, मी नंतर येतो. वहिनी म्हणाल्या, "नंतर वेगळं काही सांगणार नाहीये मी."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कुठल्या खात्यात कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला अर्ज कुठे अडतो, अडला तर कायद्याने कुणी उत्तर द्यायचं असतं. जे आयुष्यभर डोक्यात ठेवलं होतं ते टेबलावर ओतलं. दोघं लिहून घेत होते. दादा वर्तमानपत्र वाचत होता. मी चहा करत होतो, कारण आता कार्यालय सांभाळायला उरलं नव्हतं. बोलता बोलता वहिनी बाजाररस्त्यावर आल्या. तो रस्ता एकेरी करणं हे त्यांचं सगळ्यांत लाडकं काम. त्यावर मी स्वतः तीन भाषणं लिहिली होती.

"ते मात्र चुकलं तुमचं," गुरांची डॉक्टर म्हणाली.

माझ्या हातातली किटली थांबली. दादाने वर्तमानपत्र खाली केलं. छापखानेवाल्याने लेखणीचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. या घरात, या खोलीत, हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"काय चुकलं?" वहिनींचा आवाज चढला होता. गळ्यापर्यंत त्या लाल झाल्या होत्या.

"रस्ता एकेरी केल्यापासून पलीकडच्या बाजूला जायला तीन चौक फिरावं लागतं. रुग्णवाहिकेलाही. मला रात्री-अपरात्री अडलेल्या गाईकडे जायचं असलं की मी उलटीकडूनच घुसते. सगळेच घुसतात. त्यापेक्षा मधली गल्ली रुंद केली असती तर..."

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

डॉक्टर गोंधळली. तिने छापखानेवाल्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत पुटपुटला, "सांगणार कसं, वहिनी? प्रत्येकाचं तुमच्याकडे काही ना काही काम असायचं."

 मी वहिनींना चांगला ओळखतो. मला वाटलं, आता स्फोट होणार आणि या पोरीची निवडणूक इथेच आटोपणार. पण त्यांनी दुखरा पाय सांभाळत खुर्ची टेबलाजवळ ओढली, समोरचा कोरा कागद उचलून डॉक्टरपुढे सरकवला आणि हातातली पेन्सिल तिला दिली.

"काढ," त्या म्हणाल्या. "कुठली गल्ली म्हणतेस ती."